डिस्को भूपाली

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मधे गुडघ्यांनी असहकार पुकारला होता, त्यामुळे लातूरहून कुठे जाणं नाही, येणं नाही. असो. आजचा विषय वाचून माझ्या नेहमीच्या वाचकांना (म्हणजे आमचं गणगोत आणि चार-पाच ब्लॉगर मित्रमैत्रिणी!) नक्की वाटेल, की ही बाई पेटी सोडून यंत्रांच्या नादी कधी लागली? त्याचीच गोष्ट सांगते.

झालं काय, पुण्याला शिकणाऱ्या नातवाने मोबाइलवर एक ध्वनिमुद्रण पाठवलं आणि खाली लिहिलं, 'आजी, राग ओळख.' वर वादकाचं नाव होतं चरणजित सिंग. मी मूळची नांदेडची. सचखंड गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन कानावर पडत पडतच लहानाची मोठी झाले. नाव वाचून मला वाटलं, कुणी रागी असतील, पेटी-तबल्यावर शबद असेल. चहाचा कप बाजूला ठेवून कान दिला, तर आत आपलं ठुम ठुम, टिक टिक! एका लयीत, न थकता, घड्याळासारखं. बंदच करणार होते. तेवढ्यात वरून सूर आला... सा रे ग, प ध... आणि मी थांबले. भूपाली. चक्क भूपाली, आणि तोही नीट वाजवलेला. कुठे मध्यम नाही, निषाद नाही, गांधारावर हवं तेवढं थांबणं.

मग नातवाला फोन लावला. त्याने सांगितलं ते आधी तुम्हाला सांगते.

हे चरणजित सिंग मुंबईचे. जन्म १९४०चा. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत गिटार, बेस गिटार, ट्रान्झिकॉर्ड अशी वाद्यं त्यांनी वर्षानुवर्षं वाजवली. पडद्यावर नाव न झळकणाऱ्या, पण ज्यांच्याशिवाय गाणं उभंच राहत नाही अशा मंडळींपैकी एक. १९८२ साली त्यांनी जपानच्या रोलँड कंपनीची तीन यंत्रं एकमेकांना जोडली. एक ज्युपिटर-८ नावाचा सिंथेसायझर, एक टीआर-८०८ नावाचं ठेक्याचं यंत्र आणि एक टीबी-३०३ नावाची छोटीशी चंदेरी पेटी. ही पेटी खरं तर बेस गिटारवाल्याची जागा भरून काढायला बनवली होती, म्हणजे गिटार वाजवणाऱ्याला घरी एकट्याने रियाज करता यावा म्हणून. त्या वर्षांत सिनेमात डिस्कोची लाट होती. सिंग यांनी विचार केला, तबल्याच्या जागी हाच ठेका ठेवून राग वाजवले तर? भैरव, ललित, भूपाली, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी असे दहा राग त्यांनी वाजवले. 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' या नावाने एचएमव्हीची रेकॉर्ड निघाली आणि कुणाच्या फारशी लक्षातही न येता विरून गेली.

पुढे एका डच संग्राहकाच्या हाती तिची जुनी प्रत लागली आणि २०१०मध्ये ती पुन्हा निघाली. तेव्हा जगभरच्या जाणकारांनी कानांना हात लावले. कारण अमेरिकेत शिकागोच्या पोरांनी त्याच टीबी-३०३ यंत्राची बटणं पिळून १९८७ साली जो नवा नाच-संगीताचा प्रकार गाजवला, ज्याला ॲसिड हाउस म्हणतात, तसाच आवाज आपल्या मुंबईत पाच वर्षं आधी निघाला होता. शिकागोच्या पोरांना त्याचा पत्ता नव्हता आणि मुंबईला त्याचं कौतुक नव्हतं. सत्तरी ओलांडल्यावर सिंग यांना युरोपात कार्यक्रमांना बोलावणी आली. जुलै २०१५मध्ये ते मुंबईत गेले.

१९८२ हे साल मी विसरूच शकत नाही. त्या फेब्रुवारीत नरहर कुरुंदकर गेले आणि आमचं नांदेड पोरकं झालं. त्याच ऑगस्टमध्ये उस्मानाबादेतून (आताचं धाराशिव) वेगळा होऊन आमचा लातूर जिल्हा झाला. आणि त्याच वर्षी माझ्या धाकट्या भावाने नोकरी शोधायचं सोडून नांदेडात रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. दुकान कसलं, एका जिन्याखालची खोली.

आता आमच्या घराबद्दल थोडं सांगायला हवं. आमच्या अण्णांची, म्हणजे वडिलांची, पेटी होती. नांदेड हे तसं गाण्याचं गाव. अण्णा काही मोठे वादक नव्हते, पण भजनाला, कीर्तनाला त्यांच्या पेटीशिवाय चालायचं नाही. त्यांचा एकच राग होता, आणि तो गाण्यातला नव्हता! आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली. का, तर म्हणे हे परदेशी वाद्य, हिचे सूर ठोकून बसवलेले, हिच्यात श्रुती नाहीत, मींड नाही. एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत, ओघळत जाणं हा आपल्या गाण्याचा प्राण, आणि पेटीवर एका पट्टीवरून उठून दुसऱ्या पट्टीवर उडीच मारावी लागते. आक्षेप अगदीच खोटा नव्हता. पेटी मुळात फ्रान्सची. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी तिला हाताने हलवायचा भाता देऊन मांडी घालून बसणाऱ्या माणसाजोगी केली. पण तोवर ती वारकऱ्यांच्या भजनात, गुरुद्वाऱ्यात, संगीत नाटकांत सगळीकडे मुरली होती. १९७१पर्यंत ही बंदी होती, आणि नंतरही ती उठली ती अटींसकट. अण्णा म्हणायचे, वाद्य परकं नसतं, आपण त्याला किती दिवस घरात ठेवतो त्यावर ते आपलं होतं.

हे वाक्य मी वर्गात पोरांना शंभर वेळा ऐकवलं असेल. आणि स्वतः मात्र... पण ते पुढे येईलच.

अण्णा गेल्यावर पेटी माझ्याकडे लातूरला आली. धाकट्याला ती नकोच होती. त्याचा जीव बेंजोत. शहरातल्या वाचकांसाठी सांगते, आमच्याकडचा बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेलं तारांचं वाद्य. त्याचं मूळ जपानी, १९१२ साली नागोयातल्या माणसाने काढलेलं. आपल्याकडे त्याला बुलबुलतरंग म्हणतात. वरातीत, गणपतीत त्याला पिकअप बसवून कर्ण्यावरून वाजवतात. धाकट्याने तीन मित्र जमवले. एक त्याच्याच दुकानात बसणारा, एक कॉलेजातला, आणि एकाचा भाऊ आखातात होता. त्या भावाने आणलेला छोटा कॅसिओ होता, बोटं मावायची नाहीत इतकी बारकी बटणं असलेला. ढोलकीवाला मात्र मिळेना. मिळाला तर पैसे मागायचा.

म्हणून धाकट्याने ढोलकीच बनवली. म्हणजे काय केलं, तर पार्ले बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात त्याने ट्रान्झिस्टरची जोडणी केली, झाकणावर पितळी पत्र्याचे चार तुकडे बसवले आणि सायकलचे दोन स्पोक वायरींना जोडले. स्पोक पत्र्याला टेकवला की एकावर 'ठुम', दुसऱ्यावर 'टक', तिसऱ्यावर 'छिस्स'. चौथ्यावर काही यायचंच नाही, तो म्हणायचा, त्याचं काम चालू आहे!

नातवाने मला परवा जर्मनीच्या क्राफ्टवेर्कची माहिती सांगितली तेव्हा मला एकदम तो डबा आठवला. १९७० साली ड्युसेलडॉर्फमधल्या राल्फ ह्यूटर आणि फ्लोरियन श्नायडर या दोन पोरांनी तो गट काढला. श्नायडर तर मूळचा बासरीवाला. सुरुवातीला बासरी, ऑर्गन आणि यंत्रं यांची नुसती खटपट. १९७४च्या 'आउटोबान'ने त्यांना जगात नाव दिलं. त्यांच्याकडेही ठेक्याचा प्रश्न होताच. तेव्हा १९७३च्या सुमारास त्यांनी स्वतःच धातूच्या चकत्यांचा फलक बनवला. धातूची काडी चकतीला टेकवली की विजेचं मंडल पूर्ण होऊन आवाज निघायचा. म्हणजे डबाच की हो! आता ड्युसेलडॉर्फ कुठे आणि नांदेडचा वजिराबाद कुठे. धाकट्याने क्राफ्टवेर्कचं नावही ऐकलेलं नव्हतं. पण ढोलकीवाला नसला की हाताशी वायर असलेला पोरगा जगात कुठेही तेच करणार बहुधा.

मला तेव्हा मात्र हे कौतुकाचं वाटलं नाही. मी लातूरहून सुट्टीला गेले, की दुकानात ही चार डोकी एका डब्याभोवती. मी म्हणायचे, अरे, त्या ठेक्यात जीव नाही. तबलजी गाणाऱ्याकडे बघतो, तुझा डबा कुणाकडे बघतो? धाकटा म्हणायचा, "ताई, ठेका हलायला नको म्हणूनच तर बनवायलो. आम्ही हलू." मग मी शेवटचं अस्त्र काढायचे. कॅसिओत मींड नाही! बेंजोत मींड नाही! यावर तो काहीच बोलायचा नाही. माझ्या मांडीवर बरीच वर्षं अण्णांची पेटी होती आणि तिच्यातही मींड नाही, हे त्याला नक्कीच सुचलं असणार. मोठ्या बहिणीला उलटून बोलायची आमच्या घरात पद्धत नव्हती, एवढंच.

१९८४चा गणेशोत्सव. त्यांच्या गल्लीतल्या मंडळाने या पोरांना एक संध्याकाळ दिली. मी मुद्दाम लातूरहून गेले होते. पहिली तीन-चार सिनेमाची गाणी झाली, पोरं नाचली. मग धाकट्याने माइक हातात घेऊन सांगितलं, की आता आम्ही एक नवीन चीज वाजवणार. त्याने डबा सुरू केला. कॅसिओने एकच षड्ज धरून ठेवला, तानपुऱ्यासारखा. आणि बेंजोवर भूपाली सुरू झाला. गल्लीतल्या पोरांनी आधीच त्याचं नाव ठेवलं होतं, 'डिस्को भूपाली'. लोक गोंधळले. नाचावं की बसावं कळेना. मागून कुणी शिट्टी मारली. पण पोरं वाजवत राहिली.

आणि लाइट गेली.

कॅसिओ गप्प, डबा गप्प. बेंजोच्या तारा तेवढ्या अंधारात किणकिणल्या आणि थांबल्या. लोक हसायला लागले, हुर्यो सुरू झाली. आरतीची पेटी मंडपात ठेवलेली होती. मंडळाचे एक काका म्हणाले, "बाई, तुम्ही वाजवा की काहीतरी." मी उठले. कंदील आला. मी पेटी पुढे ओढली आणि... इथे मी दुसरं काहीही वाजवू शकले असते. अभंग होता, आरती होती. पण मी तिथूनच भूपाली उचलला, जिथे त्यांचा तुटला होता. लोकांना दाखवायला, की हा असा वाजवतात. दहा मिनिटं वाजवलं. टाळ्या पडल्या. मी म्हणाले, "माझी पेटी विजेवर चालत नाही हो!" मंडप खदखदून हसला.

मंडळी, ही गोष्ट मी पुढे चाळीस वर्षं कौतुकाने सांगत आले. 'लाइट गेली तेव्हा मी कार्यक्रम कसा सावरला' म्हणून. तुमच्यापैकी काहींनी ती लग्नाकार्यात माझ्या तोंडून ऐकलीही आहे. तुम्ही हसलाही आहात.

त्या दसऱ्यानंतर चौघांचं जमणं कमी झालं. कॅसिओवाला भावाकडे आखातात गेला, कॉलेजवाल्याला बँकेत नोकरी लागली. धाकट्याने रेडिओवरून टीव्हीवर, टीव्हीवरून पंखे-मोटारींवर उडी मारली आणि दुकान वाढवलं. बेंजो कुठे गेला ते मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं, पोरवयातलं खूळ होतं, उतरलं.

नातवाने पाठवलेला तो भूपाली मी त्या रात्री तीनदा ऐकला. तिसऱ्यांदा ऐकताना झोप उडाली. इकडे १९८२ साली मुंबईत एक मुरलेला वादक तेच करत होता, जे दोन वर्षांनी माझा भाऊ पत्र्याच्या डब्यावर करायला गेला. मुंबईवाल्याकडे महागडी यंत्रं होती, सिनेमातला अनुभव होता, रेकॉर्ड कंपनी होती, तरीही त्याला अठ्ठावीस वर्षं थांबावं लागलं. माझ्या भावाकडे काय होतं? समोरच्या रांगेत बसलेली एक शिकलेली बहीण. पेटीवरच्या बंदीचा इतिहास तोंडपाठ असलेली. आणि तिने काय केलं? अण्णा ज्या आकाशवाणीवर आयुष्यभर चिडले, तीच आकाशवाणी होऊन ती त्याच्या मांडवात बसली.

गुडघे दुखत होते तरी दुसऱ्या आठवड्यात एसटी धरली. अहमदपूर, लोहा करत नांदेड. दुकान आता भाचा बघतो. धाकटा (साठी केव्हाच उलटली त्याची, तरी आम्हाला धाकटाच) मागच्या खोलीत बसून जुने रेडिओ उघडतो, सवय म्हणून. वहिनीने चहा केला. मी त्याच्या कानात नातवाने दिलेले इअरफोन घातले आणि काही न सांगता तो भूपाली लावला.

सुरुवातीला त्याचा चेहरा कोराच. मग त्याने डोळे मिटले. मग बोटाने मला 'थांब' अशी खूण केली, मी काही बोलत नव्हते तरी. संपल्यावर म्हणाला, "परत लाव." परत लावलं. मधेच त्याने एक इअरफोन काढून माझ्या कानात दिला आणि म्हणाला, "ताई, खालचा सूर ऐक. वरचा सोड. खालचा घसरायलाय बघ."

मी ऐकलं. खरंच. त्या चंदेरी पेटीचा खर्जातला आवाज एका सुरावरून दुसऱ्यावर उडी मारत नव्हता. मधेमधे तो ओघळत जात होता. धाकट्याने मला समजावून सांगितलं, की यंत्रात तशी सोय ठेवलेली असणार. सूर बदलताना विजेचा दाब एकदम न बदलता हळूहळू बदलू दिला की सूर घसरतो. एक साधा कंडेन्सर लागतो, बस. (नातवाला नंतर विचारलं. त्या यंत्रात खरोखरच प्रत्येक सुराला अशी 'स्लाइड' लावता येते.) "मींड आहे, ताई," तो म्हणाला. जिंकल्यासारखा नाही हो, मोटारीतला बिघाड सापडल्यावर सांगतो तसा.

मग मी धीर करून त्या संध्याकाळचा विषय काढला. म्हटलं, मी तेव्हा तुमचाच भूपाली उचलायला नको होता. वर तो विनोदही करायला नको होता. मी चुकले.

तो बराच वेळ काही बोलला नाही. हातातला स्क्रूड्रायव्हर पुसत बसला. मला वाटलं, म्हणेल, जाऊ दे, केवढी जुनी गोष्ट. तसं म्हणाला नाही. म्हणाला, "ट्रकची बॅटरी आणून ठेवायला पाहिजे होती. मित्र म्हणतही होता. मीच म्हणलो, एका संध्याकाळी कुठं लाइट जाते." आणि थोड्या वेळाने, "तू वाजवायलीस ना अंधारात, तेव्हा मी ठेका धरला होता. डब्यावर. स्पोक हातातच होते. आवाज कुठला यायला, पण पूर्ण दहा मिनिटं धरला. तू तिसऱ्या आवर्तनाला लय वाढवलीस. डबा असता तर वाढवू दिली नसती."

मला हसूही आलं आणि डोळ्यांतून पाणीही आलं. खरं होतं ते. घाई करणं ही माझी जुनी खोड आहे, अण्णासुद्धा टोकायचे. चाळीस वर्षांत ती गोष्ट सांगताना मी लय वाढवल्याचं कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण मलाच ते ठाऊक नव्हतं. ज्याला ठाऊक होतं, तो अंधारात माझ्या मागे बसून साथ करत होता.

'माफ केलं' असं तो म्हणाला नाही, मीही पुन्हा विचारलं नाही. निघताना एवढंच म्हणाला, "ते बाकीचे नऊ राग पोराकडून मोबाइलवर टाकून घेतो." परवा त्याचा फोन आला होता. तब्येतीची चौकशी करून झाल्यावर म्हणाला, बैरागी ऐक, त्यात खालचा सूर आणखी छान घसरलाय. दोन मिनिटं आम्ही बैरागीवर बोललो. १९८४नंतर आम्ही दोघं गाण्यावर बोललोच नव्हतो, हे मला फोन ठेवल्यावर लक्षात आलं.

तर मंडळी, लग्नाकार्यात ती लाइट गेल्याची गोष्ट मला पुन्हा सांगायला लावू नका. सांगायचीच झाली तर आता ही अशी सांगीन. आणि भाच्यांनो, हे वाचून बाबांना लगेच फोन करून छळू नका. आत्याने जगाला सांगितलं म्हणून मलाच रागवेल. फार वाटलं तर एक करा. माळ्यावरच्या भंगारात एखादा पत्र्याचा बिस्किटाचा डबा दिसला, झाकणावर पितळेचे चार तुकडे असलेला, तर भंगारवाल्याला देऊ नका. चौथ्या तुकड्याचं काम अजून चालू आहे.